कोंबड्यांमधल्या ई. कोलायची रोगकारक जनुकं पीसीआरने कशी शोधायची: शेडपासून जेलपर्यंत

२४ दिवसांचा ब्रॉयलर उताणा ठेवून छातीचं हाड वर उचललं की कोलिबॅसिलोसिस, म्हणजे ई. कोलाय या जिवाणूमुळे होणारा रोग, बहुतेक वेळा नुसत्या डोळ्यांना दिसतो. हृदयावरचं आवरण पारदर्शक राहिलेलं नसतं. ते जाड, पांढुरकं होऊन हृदयाला चिकटलेलं असतं. यकृतावर घट्ट सायीसारखा फायब्रिनचा थर असतो, चिमट्याने धरला तर सोलून निघतो. निरोगी पक्ष्यात साबणाच्या फुग्याइतक्या पातळ असणाऱ्या हवेच्या पिशव्या गढूळ झालेल्या असतात आणि त्यांत पनीरच्या चुऱ्यासारखे पिवळट कण साचलेले असतात.

मग प्रश्न येतो की एवढं स्पष्ट दिसत असताना पीसीआर, म्हणजे एखाद्या जनुकाच्या असंख्य प्रती करून ते शोधणारी चाचणी, कशाला? कारण ई. कोलाय हा प्रत्येक कोंबडीच्या आतड्यात असतोच. पक्षी मेल्यावर काही तासांत आतड्यातले जिवाणू रक्तातून यकृतात, हृदयात पसरतात. तुम्ही यकृतातून वाढवलेला ई. कोलाय रोग करणारा आहे की मेल्यानंतर घुसलेला आतड्यातला साधा रहिवासी आहे, हे मॅकॉन्की अगार या वाढीच्या माध्यमावरची गुलाबी वसाहत सांगत नाही. दोन्ही सारख्याच दिसतात. इथे जनुकांची चाचणी उपयोगी पडते. पण तीही तेव्हाच, जेव्हा स्वॅब योग्य पक्ष्याच्या योग्य अवयवातून, योग्य वेळी घेतलेला असतो. या लेखात मशीनपेक्षा चिमटा, स्वॅब आणि कंट्रोल (तुलनेच्या नळ्या) यांवर मी जास्त लिहिणार आहे, कारण चुका तिथे होतात.

हा लेख पशुवैद्यक, एम. व्ही. एस्सी.चे विद्यार्थी आणि लहान निदान प्रयोगशाळांमधले तंत्रज्ञ डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. कुक्कुटपालकांनी नमुन्याचा आणि अहवालाचा भाग जरूर वाचावा.

कोणती जनुकं, आणि हीच पाच का

कोंबड्यांना आजारी पाडणाऱ्या ई. कोलायला एपेक म्हणतात. त्याच्यात रोगकारक म्हणून नोंदलेली जनुकं डझनांनी आहेत. सगळी तपासणं रोजच्या कामात परवडत नाही. २००८ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, किती घातक आहेत हे आधीच माहीत असलेले १२४ ई. कोलाय घेऊन कोणती जनुकं घातकपणाशी सर्वांत घट्ट जोडलेली आहेत ते पाहिलं गेलं. त्यातून पाच जनुकं पुढे आली, आणि त्यांचा संच पक्ष्यांपासून मिळालेल्या ९९४ ई. कोलायवर वापरून पाहिला गेला. आजारी पक्ष्यांतले आणि निरोगी पक्ष्यांच्या विष्ठेतले जिवाणू त्या संचाने चांगले वेगळे ओळखता आले. तेव्हापासून हा पाच जनुकांचा मल्टिप्लेक्स, म्हणजे एकाच नळीत पाचही शोधणारा पीसीआर, जगभर वापरला जातो.

लॅबमध्ये बोलताना या जनुकांना आपण जसं म्हणतो तसंच इथे लिहिते: आयरोएन, ओम्पटी, एचएलवायएफ, इस आणि आययूटीए.

आययूटीए आणि आयरोएन ही दोन्ही लोहाची जनुकं. पक्ष्याच्या रक्तात मोकळं लोह जवळजवळ नसतंच, शरीर ते प्रथिनांत बांधून ठेवतं. जिवाणू लोह खेचून आणणारे रेणू बाहेर सोडतो आणि लोहासकट ते परत आत घेण्यासाठी त्याला दरवाजा लागतो. आययूटीए हा एरोबॅक्टिनचा दरवाजा, आयरोएन हा साल्मोकेलिनचा. इस हे जनुक रक्तद्रवातल्या मारक प्रथिनांपुढे, म्हणजे कॉम्प्लिमेंटपुढे, टिकून राहायला मदत करतं. ओम्पटी बाह्य आवरणावरचं प्रथिने कापणारं विकर बनवतं. एचएलवायएफला नावाने हिमोलायसिन म्हटलं जात असलं तरी त्याचा संबंध जिवाणूच्या आवरणातून सुटणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांशी आहे.

ही पाचही जनुकं साधारणपणे कॉल-व्ही नावाच्या मोठ्या प्लास्मिडवर असतात. ही गोष्ट कामाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. प्लास्मिड म्हणजे गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं कडं, आणि कल्चर (वाढवलेले जिवाणू) पुन्हा पुन्हा पुढे नेत राहिलं तर जिवाणू ते गमावू शकतो. म्हणून चाचणी पहिल्या-दुसऱ्या पिढीच्या कल्चरवरच करा. वर्षभर फ्रिजमधल्या स्लँटवर (नळीतल्या तिरप्या अगारवर) फिरवलेल्या कल्चरवर ‘जनुक नाही’ असा निकाल आला तर त्यावर मी विश्वास ठेवत नाही.

नमुना: निम्मं काम इथे होतं

आधी एक सावधगिरी. शेडमध्ये अचानक प्रचंड मरतूक असेल, तुरे निळसर पडले असतील, डोकं सुजलं असेल, तर पक्षी उघडू नका. बर्ड फ्लूची शंका असली की पशुसंवर्धन विभागाला कळवायचं. खात्रीची तपासणी भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला काय झालं होतं ते आपल्या राज्यातल्या कुक्कुटपालकांना वेगळं सांगायला नको.

ती शंका नसेल तर शेडमधून ३ ते ५ पक्षी निवडा. नुकतेच मेलेले चालतील, पण त्याहून चांगले म्हणजे मान टाकून बसलेले, पिसं फुलवलेले, स्पष्ट आजारी असे जिवंत पक्षी. ते पशुवैद्यकाने त्रास न देता मारून लगेच उघडायचे. मालक बहुतेक वेळा रात्री मेलेला पक्षी सकाळी गोणीतून आणतो. एप्रिल-मेमधल्या विदर्भाच्या उन्हात त्या पक्ष्याचं पोट हिरवं पडलेलं असतं. अशा पक्ष्याच्या यकृतातला ई. कोलाय काहीही सिद्ध करत नाही. दुसरा पक्षी मिळणारच नसेल तर मांडीचं हाड फोडून आतल्या मज्जेतून स्वॅब घ्या. आतड्यातले जिवाणू तिथपर्यंत उशिरा पोचतात.

कापण्याचा क्रम पाळा. पिसं जंतुनाशकाच्या पाण्याने ओली करा, म्हणजे धूळ उडत नाही. छाती उघडल्यावर आतड्याला हात लावण्याआधी हृदय आणि यकृताचे स्वॅब घ्या. यकृताचा पृष्ठभाग तापवलेल्या चपट्या चमच्याने चटका देऊन निर्जंतुक करा, त्या जागी निर्जंतुक ब्लेडने लहान काप घ्या आणि स्वॅब आत खुपसून फिरवा. हृदयावरच्या आवरणाखालचा द्रव किंवा फायब्रिन हा माझ्या मते सर्वांत चांगला नमुना. हवेच्या पिशवीतला चुरा त्याखालोखाल. आतडं चुकून कापलं गेलं तर तो पक्षी बाजूला ठेवा.

प्रत्येक स्वॅब एमिस किंवा कॅरी-ब्लेअर या वाहतुकीच्या माध्यमात ठेवा, बर्फाच्या डब्यातून पाठवा आणि २४ तासांत प्रयोगशाळेत पोचेल असं बघा. स्वॅब गोठवू नका. नळीवर पेन्सिलने लिहिलेलं लेबल लावा. बर्फाच्या डब्यात दव धरतं आणि साध्या मार्करची शाई पुसून जाते. मग पाच नळ्यांपैकी कोणती कोणत्या शेडची हे कुणीच सांगू शकत नाही.

लेबलवर आणि सोबतच्या कागदावर शेड क्रमांक, पक्ष्याचं वय, अवयव, मरतूक कधीपासून आणि रोज किती, आणि कोणतं प्रतिजैविक कधी दिलं, हे सगळं हवं. शेवटची माहिती बहुतेक वेळा लपवली जाते. “दादा, पाण्यातून काही दिलंय का?” असं विचारलं की “नाही डॉक्टर, फक्त टॉनिक” असं उत्तर येतं, आणि मग दाराजवळच्या कचऱ्यात औषधाची रिकामी पाकिटं दिसतात. मालकाला दोष देऊ नका. त्याचे पक्षी मरत आहेत, त्याने जे मिळालं ते दिलं. पण प्रतिजैविक सुरू असताना घेतलेल्या स्वॅबमधून जिवाणू वाढला नाही तर त्याचा अर्थ रोग नाही असा होत नाही, हे त्याला आधीच समजावून सांगा.

जमल्यास त्याच शेडमधल्या दोन-तीन निरोगी पक्ष्यांच्या गुदद्वारातून वेगळे स्वॅब घ्या. तुलनेसाठी त्यांचा फार उपयोग होतो.

जिवाणू वेगळा करणं

थेट यकृताच्या तुकड्यातून डीएनए काढून पीसीआर करावा असा मोह होतो, कारण दोन दिवस वाचतात. या कामासाठी तो टाळा. मिश्र नमुन्यात आयरोएन एका जिवाणूत, इस दुसऱ्यात आणि आययूटीए तिसऱ्यात असेल तरी जेलवर, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या थरावर, तिन्ही बँड (पट्टे) एकाच खणात दिसतील. आपला प्रश्न ही जनुकं एकाच जिवाणूत एकत्र आहेत का, हा आहे. त्याचं उत्तर शुद्ध कल्चरवरच मिळतं.

स्वॅब मॅकॉन्की अगारवर रेघाटा, ३७ अंश सेल्सिअसला १८ ते २४ तास ठेवा. ई. कोलायच्या वसाहती गुलाबी, कोरड्या, गोल दिसतात. क्लेबसिएलाही गुलाबी असतो, पण त्याच्या वसाहती बुळबुळीत, चकचकीत असतात. गुलाबी वसाहत ईएमबी अगारवर न्या. तिथे ई. कोलायला भुंग्याच्या पाठीसारखी हिरवी धातूची झळाळी येते. मग जैवरासायनिक चाचण्यांपैकी इंडोल आणि मिथिल रेड होकारार्थी, व्हीपी आणि सायट्रेट नकारार्थी, एवढं तपासून खात्री करा.

एका अवयवातून २ ते ३ वसाहती वेगवेगळ्या जपा, एकत्र करू नका. शेवटी प्रत्येक वसाहत न्यूट्रिएंट अगारवर वाढवा आणि डीएनए तिथूनच काढा. मॅकॉन्कीवरून थेट वसाहत उचलली तर पित्तक्षार सोबत येतात, आणि पित्तक्षार पीसीआरच्या विकराला अडवतात.

डीएनए: उकळणं पुरेसं आहे

शुद्ध कल्चरवर जनुक आहे की नाही एवढंच बघायचं असेल तर महागडा किट लागत नाही. न्यूक्लिएझ (डीएनए तोडणारं विकर) नसलेलं २०० मायक्रोलिटर पाणी घ्या, त्यात एक मध्यम वसाहत विरघळवा, ९५ ते १०० अंशांवर १० मिनिटं ठेवा, लगेच बर्फात टाका, मग १०,००० ते १२,००० जी वेगाने ५ मिनिटं फिरवा. वरचं पाणी अलगद नव्या नळीत घ्या. हेच टेम्प्लेट, म्हणजे ज्याच्या प्रती काढायच्या तो डीएनए. उणे २० अंशांवर ठेवा आणि लवकर वापरा, कारण उकळून काढलेला डीएनए फार महिने टिकत नाही.

नवे विद्यार्थी जास्त जिवाणू म्हणजे जास्त डीएनए असं समजून अर्धी प्लेट खरवडतात. त्याने उलटं होतं. पेशींचा कचरा वाढतो आणि पीसीआर बंद पडतो. विरघळवल्यावर पाणी ताकाच्या निवळीइतकं गढूळ दिसलं की पुरे.

उकळताना झाकण उडू नये म्हणून कुलपाची क्लिप लावा. उडालेल्या झाकणातून बाहेर पडतो तो जिवंत जिवाणू असू शकतो, आणि कोंबड्यांच्या काही ई. कोलायचं माणसाच्या मूत्रमार्गातल्या ई. कोलायशी जवळचं नातं आहे. हातमोजे आणि जैवसुरक्षा कॅबिनेट इथे हवेतच.

मिश्रण: आकडे एकदा नीट मांडून घ्या

प्रायमर म्हणजे जनुकाच्या दोन टोकांना चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे. त्यांचे क्रम मूळ शोधनिबंधातून अक्षर न अक्षर तपासून घ्या. दुसऱ्याच्या प्रबंधातून उतरवून घेतलेल्या क्रमात एखादं अक्षर सुटलेलं मी स्वतः पाहिलं आहे. कंपनीकडून प्रायमर कोरडा येतो. नळी उघडण्याआधी ती क्षणभर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, नाहीतर झाकणाला चिकटलेली पूड उडून जाते. कागदावर जेवढे नॅनोमोल लिहिले असतील त्याच्या १० पट मायक्रोलिटर पाणी टाकलं की १०० मायक्रोमोलरचा साठा तयार होतो. म्हणजे २८.४ नॅनोमोल असतील तर २८४ मायक्रोलिटर. त्यातून १० मायक्रोमोलरचं पातळ द्रावण करून लहान लहान नळ्यांत भरा. मूळ साठ्याला रोज हात लावू नका.

पाच जनुकांचे दहा प्रायमर होतात. २५ मायक्रोलिटरच्या एका नळीसाठी माझं सुरुवातीचं गणित असं असतं: दुप्पट तीव्रतेचं मल्टिप्लेक्स मास्टर मिक्स (विकर आणि बाकी रसायनांचं तयार मिश्रण) १२.५, प्रत्येक प्रायमर ०.५ म्हणजे एकूण ५, पाणी ५.५ आणि टेम्प्लेट २ मायक्रोलिटर. प्रत्येक प्रायमर शेवटी ०.२ मायक्रोमोलर बसतो.

समजा १० नमुने आहेत. त्यांच्यासोबत एक होकारार्थी कंट्रोल, एक नकारार्थी कंट्रोल आणि एक बिनडीएनएची नळी, मिळून १३. पिपेटला थोडं चिकटून जातं म्हणून १४ चं मिश्रण करा: मास्टर मिक्स १७५, दहा प्रायमर प्रत्येकी ७ म्हणजे ७०, पाणी ७७, एकूण ३२२ मायक्रोलिटर. प्रत्येक नळीत २३ मायक्रोलिटर ओता आणि वरून २ मायक्रोलिटर टेम्प्लेट. सगळं बर्फावर. बिनडीएनएच्या नळीत टेम्प्लेटऐवजी त्याच बाटलीतलं २ मायक्रोलिटर पाणी टाका, दुसऱ्या बाटलीतलं नको.

पाचपैकी एखादा बँड सतत फिका येत असेल तर सगळं मिश्रण बदलू नका. त्याच प्रायमर जोडीचं प्रमाण ०.३ किंवा ०.४ मायक्रोमोलरपर्यंत वाढवून बघा, आणि तेवढं पाणी कमी करा.

मशीनचा प्रोग्रॅम

९४ अंशांवर २ मिनिटं. मग २५ फेऱ्या: ९४ अंश ३० सेकंद, ६३ अंश ३० सेकंद, ६८ अंश ३ मिनिटं. शेवटी ७२ अंशांवर १० मिनिटं. गरम झाल्यावरच जागं होणारं विकर वापरत असाल तर सुरुवातीचा वेळ त्या विकराच्या माहितीपत्रकाप्रमाणे वाढवा. अडीच तास धरून चला.

बँड फिके आले की फेऱ्या ३५ करायचा मोह होतो. फेऱ्या वाढवल्या की इकडून तिकडून आलेला एखादा रेणूही बँड देतो. शुद्ध कल्चरमध्ये डीएनए भरपूर असतो. २५ फेऱ्यांत बँड येत नसेल तर दोष टेम्प्लेटमध्ये किंवा प्रायमरमध्ये शोधा.

जेल: २१ बेस पेअरचा फरक

जेलवर वरून खाली हा क्रम दिसतो: आयरोएन ५५३ बेस पेअर (डीएनएची लांबी मोजायचं एकक), ओम्पटी ४९६, एचएलवायएफ ४५०, इस ३२३, आययूटीए ३०२. शेवटच्या दोघांत फक्त २१ बेस पेअरचं अंतर आहे. या संचात सर्वांत जास्त फसगत इथे होते. दीड टक्क्याच्या जेलवर घाईघाईने ३५ मिनिटं चालवलं तर इस आणि आययूटीए मिळून एकच जाड बँड दिसतो, आणि लिहिणारा ‘चार जनुकं’ लिहून मोकळा होतो. कधी त्यातलं खरोखर एकच असतं आणि लोक दोन्ही लिहितात.

म्हणून अडीच टक्क्यांचं जेल घ्या, म्हणजे १०० मिलिलिटर बफरला २.५ ग्रॅम अगारोझ. एवढं अगारोझ मायक्रोवेव्हमध्ये चटकन उतू जातं. मोठा फ्लास्क घ्या, थोडं थोडं गरम करा, मध्ये हलवा, आणि तळाशी काचेसारखे कण तरंगताना दिसेनासे होईपर्यंत थांबा. न विरघळलेले कण राहिले तर बँड वाकडे जातात. बारीक दातांची कंगवी वापरा. इलेक्ट्रोडमधल्या प्रत्येक सेंटिमीटरला ५ व्होल्ट या हिशेबाने दीड ते दोन तास चालवा. १०० बेस पेअरची शिडी (माहीत असलेल्या लांबीचे तुकडे) दोन्ही कडांना लावा, एकाच बाजूला नको, कारण जेल एका बाजूला तापलं की बँड हसल्यासारखे वर वाकतात आणि दूरच्या खणांचं माप चुकतं.

माझी आणखी एक सवय सांगते. होकारार्थी कंट्रोलमधून इस आणि आययूटीएचे एकेकटे पीसीआर करून त्यांचं मिश्रण ठेवते आणि नमुन्यांच्या मधल्या एका खणात भरते. दोन बँड कुठे हवेत ते डोळ्यासमोर राहतं. तरीही शंका राहिली तर त्या नमुन्याचा इस आणि आययूटीएसाठी वेगवेगळा पीसीआर करा. एक दिवस जातो, पण अहवाल बरोबर जातो.

इथिडियम ब्रोमाइड वापरत असाल तर त्याचे हातमोजे वेगळे, जागा वेगळी, कचरा वेगळा. नवे, कमी धोक्याचे रंग आता सहज मिळतात, शक्य असेल तर तेच घ्या. अतिनील दिव्यासमोर चेहऱ्याची ढाल लावल्याशिवाय वाकू नका.

कंट्रोल: यांच्याशिवाय निकाल नाही

माझ्या शिक्षणाच्या दिवसांत मी काम करत होते त्या प्रयोगशाळेत एका सोमवारी माझ्या बिनडीएनएच्या नळीत ३२३ चा बँड आला. फिका, पण होता. मी पिपेट पुसले, कॅबिनेट पुसलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. पुन्हा तोच बँड. मंगळवारी प्रायमर बदलले, बुधवारी मास्टर मिक्स. गुरुवारी नवी पाण्याची नळी उघडली आणि बँड गेला. ज्या टेबलावर आम्ही जेल भरत होतो त्याच टेबलावर मी ते पाणी लहान नळ्यांत वाटून ठेवलं होतं. चार दिवस गेले, आणि त्याआधीच्या दोन आठवड्यांतले इसचे सगळे निकाल पुन्हा करावे लागले. त्यांतले तीन बदलले.

म्हणून पीसीआरच्या आधीची जागा आणि नंतरची जागा वेगळी असलीच पाहिजे. दोन खोल्या नसतील तर दोन कोपरे तरी करा, आणि दोन्हीकडे वेगळे पिपेट, वेगळे ॲप्रन. माणूस आणि सामान स्वच्छ बाजूकडून जेलच्या बाजूकडे जातं, त्याच दिवशी उलट येत नाही. फिल्टर असलेली टिप वापरा. टेबल ताज्या पातळ ब्लीचने पुसा, मग पाण्याने. नुसत्या अल्कोहोलने डीएनए नष्ट होत नाही.

होकारार्थी कंट्रोलसाठी पाचही जनुकं असलेला, खात्री झालेला एपेक लागतो. कृषी किंवा पशुवैद्यक विद्यापीठांच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागांकडे तो असू शकतो, रीतसर पत्र लिहून मागा. सुरुवातीला प्रत्येक बँड सिक्वेन्सिंग करून खात्री करून घ्या.

नकारार्थी कंट्रोल म्हणून के-१२ घराण्यातला डीएच-५-अल्फा सगळीकडे मिळतो. इथे एक बारकावा आहे. के-१२ च्या गुणसूत्रावर त्याचं स्वतःचं ओम्पटी आहे, आणि इससारखं दिसणारं बोर नावाचं एक जनुकही जुन्या फाजच्या (जिवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूच्या) अवशेषात आहे. आपल्या संचाचे प्रायमर प्लास्मिडवरच्या जनुकांसाठी आहेत. तुमच्या डीएच-५-अल्फात ४९६ किंवा ३२३ चा बँड येऊ लागला तर बहुधा ६३ अंशांचा, म्हणजे प्रायमर चिकटण्याचा, टप्पा तुमच्या मशीनवर खाली घसरतो आहे. एक-दोन अंश वाढवून बघा. पाण्याच्या नळीतून ही चूक कधीच लक्षात आली नसती. दोन्ही कंट्रोल लागतात ते यासाठी.

पाचही बँड नसलेल्या नमुन्याचं काय? तिथे डीएनए होता की नव्हता हे कळायला हवं. त्यासाठी ई. कोलायमध्ये कायम असणाऱ्या युस्पा जनुकाचा ८८४ बेस पेअरचा वेगळा पीसीआर त्याच टेम्प्लेटवर करा. तो आला आणि पाच आले नाहीत, तरच ‘जनुकं आढळली नाहीत’ असं लिहायचं. तोही आला नाही तर निकाल नाही, डीएनए पुन्हा काढायचा.

निकालाचा अर्थ

पक्षी ताजा होता, हृदयावर आणि यकृतावर फायब्रिन होतं, त्याच जागेतून शुद्ध ई. कोलाय वाढला आणि त्यात चार किंवा पाच जनुकं आहेत: मी याला एपेक म्हणते आणि तसं लिहिते. एक किंवा दोन जनुकं असतील तर ते पुरेसं नाही. असे जिवाणू निरोगी पक्ष्यांच्या विष्ठेतही मिळतात. तीन जनुकं आली तर बाकीच्या वसाहती तपासा, दुसऱ्या पक्ष्यांमध्ये काय आलं ते बघा.

निरोगी पक्ष्यांच्या विष्ठेतही पाच जनुकांचा ई. कोलाय कधी कधी सापडतो. तो रोग करू शकतो, पण अजून संधी मिळालेली नाही. उलट, पाचपैकी काहीही नसलेला ई. कोलायही कमकुवत झालेल्या पक्ष्याला मारू शकतो. अमोनियाने श्वासनळीचं अस्तर जळलेलं असेल, इन्फेक्शिअस ब्राँकायटिस किंवा मायकोप्लाझ्मा असा श्वसनाचा रोग आधी येऊन गेला असेल, तर साध्या जिवाणूलाही वाट मोकळी होते. म्हणून शेडमध्ये शिरल्यावर डोळे चुरचुरतात का, तुसाची गादी हातात दाबल्यावर गोळा होते का, निपल गळतात का, हिवाळ्यात पडदे रात्रभर पूर्ण बंद असतात का, हे जेलच्या फोटोइतकंच महत्त्वाचं आहे. पाच बँड दिसले म्हणून हे बघणं सोडू नका.

जनुक असणं म्हणजे ते चालू आहे असंही नाही. पीसीआर फक्त असणं दाखवतो.

आणि कोणतं औषध चालेल हे ही चाचणी सांगत नाही. त्यासाठी त्याच कल्चरवर प्रतिजैविक संवेदनशीलता चाचणी वेगळी करावी लागते. कोलिस्टिनचा विचार मात्र डोक्यातून काढून टाका. जुलै २०१९ पासून अन्न देणाऱ्या जनावरांत आणि कोंबड्यांत त्याच्या वापरावर भारतात बंदी आहे. माणसांच्या दवाखान्यात शेवटचा उपाय म्हणून ते जपून ठेवलेलं औषध आहे.

हीच रीत इतर जनावरांत

पद्धत तीच, जनुकं बदलतात. शेळ्या-मेंढ्यांच्या आंत्रविषारात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सचे विषप्रकार जनुकांवरून ठरवतात. डी प्रकारात अल्फासोबत एप्सिलॉन विषाचं जनुक असतं. २०१८ मध्ये या वर्गीकरणात एफ आणि जी हे प्रकार वाढवले गेले, आणि कोंबड्यांच्या नेक्रोटिक एंटरायटिसशी जोडलेलं नेटबी जनुक असलेला प्रकार जी झाला. गायी-म्हशींच्या घटसर्पात पाश्चुरेला मल्टोसिडाची ओळख पक्की करायची असते आणि त्याचा कॅप्सूल प्रकार बी आहे का ते बघायचं असतं. पहिल्या काही दिवसांत हगवणीने जाणाऱ्या वासरांत के-९९ (ई. कोलायला आतड्याला चिकटवणारा घटक) आणि उष्णता सहन करणाऱ्या एसटीए विषाचं जनुक शोधतात. साल्मोनेलासाठी इनव्हीए हा जुना, भरवशाचा आधार, त्याचा २८४ बेस पेअरचा बँड येतो.

क्लॉस्ट्रिडियमबाबत एक इशारा. जनावर मेल्यावर तो आतड्यात भराभर वाढतो, आणि ए प्रकार निरोगी जनावरातही असतो. तिथे पक्ष्याच्या यकृताइतकीच, किंबहुना जास्त, नमुन्याच्या वेळेची अडचण आहे.

रिअल टाइम पीसीआर हवा का, असं नेहमी विचारलं जातं. शुद्ध कल्चरमध्ये जनुक आहे की नाही एवढाच प्रश्न असेल तर साधा पीसीआर आणि चांगलं जेल पुरतं. प्रमाण मोजायचं असेल किंवा दिवसाला शेकडो नमुने येत असतील तर मात्र रिअल टाइम घ्या.

अहवाल कसा लिहावा

‘ई. कोलाय पॉझिटिव्ह’ एवढंच लिहू नका. कुक्कुटपालकाला त्याचा काही उपयोग नाही, आणि पुढच्या पशुवैद्यकालाही नाही. मी साधारण असं लिहिते:

“शेड क्र. २, वय २४ दिवस, पक्षी ४, सर्व शवविच्छेदनाआधी एक तासात मारलेले. चारही पक्ष्यांत हृदयावरणाचा व यकृतावरणाचा फायब्रिनयुक्त दाह. हृदयावरणातून शुद्ध ई. कोलाय: ४ पैकी ३ पक्ष्यांत. या तिन्हींत आयरोएन, ओम्पटी, एचएलवायएफ, इस, आययूटीए आढळली. चौथ्यातून जिवाणू वाढला नाही. शेडमध्ये २ दिवसांपूर्वी पाण्यातून प्रतिजैविक दिल्याची नोंद. सर्व कंट्रोल अपेक्षेप्रमाणे. निष्कर्ष: एपेकमुळे कोलिबॅसिलोसिस. संवेदनशीलता अहवाल सोबत. शेडमध्ये अमोनियाचा उग्र वास व ओली गादी. हवा खेळती ठेवणे व निपलची गळती थांबवणे तातडीचे. ब्राँकायटिस व मायकोप्लाझ्मासाठी रक्तनमुने पाठवावेत.”

जेलचा फोटो शिडी आणि कंट्रोलसकट जोडा, फक्त नमुन्यांचे खण कापून नको.

अहवाल गेला की कल्चर फेकू नका. ताज्या वाढीत शेवटी १५ ते २० टक्के ग्लिसरॉल राहील असं मिसळून प्रत्येक जिवाणूच्या दोन नळ्या उणे ८० अंशांवर ठेवा, एक रोजच्या वापराची, एक न उघडण्याची. नळीवर शेड, अवयव, तारीख आणि कितवी पिढी ते लिहा. पुढच्या लॉटला त्याच शेडमध्ये पुन्हा मरतूक झाली की सर्वांत आधी हीच नळी बाहेर काढावी लागते.